जुनी गाडी केव्हा बदलावी?

घरात पंधरा वर्षे वापरलेली मोठी गाडी असली की एखाद्या रविवारी जेवताना हा प्रश्न निघतोच. वडील म्हणतात, अजून दोन-तीन वर्षे सहज चालेल. आई म्हणते, घाटात आता भीती वाटते. काका म्हणतात, नवी गाडी लिटरमागे कितीतरी जास्त धावते, तिचे पैसे डिझेलमधूनच वसूल होतील. तिघेही आपापल्या परीने बोलतात आणि प्रश्न तसाच राहतो. वास्तविक नववी-दहावीच्या विज्ञानाने आणि गणिताने या प्रश्नाचा बराच भाग सुटण्यासारखा आहे. तो आपण सोडवून पाहू.

उदाहरणासाठी चिपळूणचे एक काल्पनिक कुटुंब घेऊ. त्यांच्याकडे २०१० साली घेतलेली सात आसनांची डिझेल गाडी आहे. महाराष्ट्रात अशा दणकट गाड्यांची ओळख अनेकांना झाली ती १९९४ साली आलेल्या ‘सुमो’मुळे. (या नावाचा जपानी कुस्तीशी संबंध नाही, टाटांच्या मोटार कारखान्याचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले.) आपल्या कुटुंबाची गाडी लिटरला १० किलोमीटर धावते. तिच्या जागी येणारी नवी गाडी १५ किलोमीटर धावेल असे धरू. वर्षाचा प्रवास १२,००० किलोमीटर. नव्या गाडीची किंमत १६ लाख रुपये, जुनीचे मिळतील फार तर एक लाख. हे आकडे गणितासाठी मानलेले आहेत. तुम्ही त्यांच्या जागी तुमच्या घरचे आकडे घाला.

प्रथम काकांचे म्हणणे तपासू. जुन्या गाडीला वर्षाला १,२०० लिटर डिझेल लागते, नवीला ८०० लिटर लागेल. बचत ४०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला ३६,००० रुपये वाचतील. त्यासाठी घालायचे आहेत १५ लाख! भागाकार केला तर सुमारे ४२ वर्षे येतात. तोपर्यंत नवी गाडीही कधीच भंगारात गेलेली असेल.

येथे एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. ‘लिटरमागे किलोमीटर’ या मापाने आपली नेहमी दिशाभूल होते. समजा एक गाडी ८ ऐवजी १० किलोमीटर धावू लागली आणि दुसरी १६ ऐवजी २०. दुसरीची सुधारणा मोठी वाटते, कारण तिथे चार किलोमीटर वाढले. पण १२,००० किलोमीटरचा हिशेब करा. पहिलीचे डिझेल १,५०० वरून १,२०० लिटरवर आले, म्हणजे ३०० लिटर वाचले. दुसरीचे ७५० वरून ६००, म्हणजे फक्त १५०. युरोपात ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे उलटे माप वापरतात, ते अधिक सरळ आहे.

डिझेलखेरीज दुरुस्तीचा खर्चही वाचेल हे खरे. जुन्या गाडीवर वर्षाला ६०,००० आणि नवीवर १५,००० रुपये खर्च धरू. म्हणजे आणखी ४५,००० वाचले. एकूण बचत ८१,००० रुपये. पण चक्रवाढ व्याजाच्या धड्यात तुम्ही घसारा शिकला आहात. गाडीची किंमत दर वर्षी १५ टक्क्यांनी उतरते असे मानले, तर १६ लाखांची गाडी एका वर्षाने १३ लाख ६० हजारांची होते आणि पाच वर्षांनी सुमारे ७ लाख १० हजारांची. पाच वर्षांत जवळजवळ नऊ लाख रुपये गेले आणि बचत झाली चार लाखांची. कर्जावरचे व्याज तर मी यात धरलेलेच नाही. तेव्हा केवळ पैशाचा प्रश्न असेल तर वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, आणि तेही बऱ्याच फरकाने.

पण धुराचे काय? नवी गाडी कमी इंधन जाळते, म्हणून ती घेणे हवेच्या दृष्टीने चांगलेच, असे पुष्कळांना वाटते. याचाही हिशेब करू.

एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ०.८४ किलो असते. ते जळल्यावर मात्र २.६८ किलो कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. हे ऐकून वर्गात हमखास कोणीतरी विचारते, की वजन वाढले कसे? उत्तर सोपे आहे. डिझेलमध्ये सुमारे ०.७३ किलो कार्बन असतो. कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणुभार ४४. बाकीचे ३२ भाग हवेतल्या ऑक्सिजनचे आहेत. ०.७३ ला ४४ ने गुणा, १२ ने भागा, उत्तर मिळेल. म्हणजे टाकीतून जाते त्याच्या तिपटीहून अधिक वजन धुराच्या नळीतून बाहेर पडते.

आपल्या कुटुंबाचे ४०० लिटर वाचले, म्हणजे वर्षाला १,०७२ किलो कार्बन डाय-ऑक्साइड कमी झाला. आता दुसरी बाजू. नवी गाडी आकाशातून पडत नाही. लोहखनिज वितळवायचे, पोलाद लाटायचे, ॲल्युमिनियम, काच, रबर, प्लॅस्टिक बनवायचे, या सर्वाला कोळसा आणि वीज लागते. एवढ्या मोठ्या गाडीसाठी आपण ८ टन कार्बन डाय-ऑक्साइड धरू. हे ‘कर्ज’ वर्षाला १.०७ टनाने फिटायला साडेसात वर्षे लागतील. गाडी वर्षाला ४,००० किलोमीटरच फिरत असेल तर २२ वर्षे. तीच गाडी भाड्याने वर्षाला ६०,००० किलोमीटर धावत असेल तर मात्र दीडच वर्ष! गाडीचे वय तेच, पण वापर निराळा, म्हणून उत्तरही निराळे. ‘गाडी किती वर्षांची?’ याइतकेच ‘ती वर्षाला किती फिरते?’ हे विचारणे महत्त्वाचे आहे.

एवढ्यावर नव्या गाडीला हरवले असे समजू नका. धुरात कार्बन डाय-ऑक्साइडखेरीज काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात, आणि फुप्फुसांना अपाय होतो तो यांचा. २०१० साली देशाच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या ‘भारत स्टेज तीन’ नियमांनी साध्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम कणांची मुभा होती. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज सहा’ने ती साडेचार मिलिग्रॅमवर आणली. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादाही दशलक्ष भागांत ३५० वरून १० भागांवर आली. नव्या गाडीच्या धूरनळीत एक गाळणी असते, ती काजळी अडवते आणि अधूनमधून जाळून टाकते. (त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबते, म्हणून तिला मधूनमधून लांब पल्ल्याला न्यावे लागते.) ज्यांच्या दाराशी गाडी रोज सुरू होते, त्यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

आता आईची भीती. माझ्या मते तिघांत हाच मुद्दा सर्वांत गंभीर आहे. म्हणून त्यावर थोडे थांबू.

सात माणसे आणि सामान घेतल्यावर गाडीचे वजन सुमारे २,४०० किलो होते. ती कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे येताना उभ्या मापाने ५०० मीटर खाली उतरली असे धरू. स्थितिज ऊर्जेचे सूत्र वापरा: २,४०० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख जूल. वेग न वाढवता उतरायचे तर ही सगळी ऊर्जा कोठेतरी उष्णतेत बदलली पाहिजे. एवढ्या उष्णतेत ३८ लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणता येईल. काही भाग हवेचा आणि चाकांचा विरोध घेतो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर एंजिन बराच भाग घेते. उरलेली सर्व ब्रेकवर येते.

ब्रेकमध्ये दाब पोचवणारे द्रव, ज्याला मेकॅनिक ब्रेक ऑइल म्हणतात, ते हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. ताजे असताना २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळणारे द्रव पाणी मिसळल्यावर १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. घाटात ब्रेक तापले, द्रवाची वाफ झाली, की पायाखालचा ब्रेक एकदम पोकळ लागतो. कारण द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. हे वाचून घाबरून नवी गाडी घेऊ नका! दर दोन वर्षांनी हे द्रव बदलले की काम झाले, खर्च काही शेकड्यांचा. तसेच रबरी नळ्या, ब्रेकचे पॅड, टायर, जोडांतली रबरे यांचे. म्हातारपणाची ही लक्षणे गाडी न बदलता बरी होतात.

बरा न होणारा आजार आहे सांगाड्याचा गंज. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, आणि पाण्यात मीठ असेल तर ते विजेचे चांगले वाहक बनून ही क्रिया झपाट्याने चालते. खाडीकाठच्या गाड्या घाटावरच्या गाड्यांपेक्षा लवकर कुजतात त्या यामुळे. त्यातून जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या पोकळ पोलादी पट्ट्यांत गाळ शिरला असेल तर तो आतून ओल धरून ठेवतो. बाहेरून रंग लावून काही दिसत नाही. एक पत्र्याचा तुकडा कापून दुसरा जोडता येतो, पण मुख्य सांगाडा पातळ झाला तर गाडीची मूळ ताकद परत येत नाही.

ही ताकद कशासाठी हवी? समजा गाडी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने कशावर तरी आदळली. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपत चेपत थांबला, तर गतीच्या समीकरणावरून मंदन सेकंद-वर्गाला १८७ मीटर येते, गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १९ पट. ३० सेंटिमीटरमध्येच थांबला तर ३८ पट. म्हणून पुढचा भाग ठरवून मऊ आणि माणसे बसतात तो पिंजरा कठीण, अशी रचना नव्या गाड्यांत करतात. त्यांत २०१९ पासून चाके अडकू न देणारे ब्रेक आणि चालकासाठी हवेची पिशवी कायद्याने आवश्यक आहेत. जुन्या ‘दणकट’ गाडीचा पत्रा जाड होता हे खरे. पण न चेपणारी गाडी आपल्या वाट्याचा धक्का आतल्या माणसांना देते. आणि गंजलेली गाडी चेपते, पण नको तिथे.

तेव्हा चिपळूणच्या कुटुंबाने काय करावे? पंधरा वर्षांनी खाजगी गाडीची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. त्याआधी गाडी लिफ्टवर चढवून सांगाडा नीट पाहावा, लहान हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. खणखणीत आवाज आला तर ब्रेक, टायर आणि रबरे नवी घालून गाडी ठेवावी. भद्द आवाज आला आणि पापुद्रे गळले, तर पैशाचा हिशेब काहीही सांगो, तिच्यातून घाट उतरू नये. आणि बदलायचीच असेल तर तिच्याहूनही अवजड गाडी घेऊ नये. वजन वाढले की लिटरमागचे वाढलेले किलोमीटर तिथेच खर्च होतात.

जुनी गाडी जाते कोठे, हेही पाहावे. ती दुसऱ्याला विकली तर धूर गावाबाहेर गेला एवढेच; एकाऐवजी दोन गाड्या रस्त्यावर आल्या. मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात दिली तर तिचे पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते. जालन्याच्या भट्ट्यांत भंगारापासून बांधकामाच्या सळ्या बनतात.

करून पाहा : घरच्या गाडीची टाकी काठोकाठ भरा आणि मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी वापरा. पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा. जितके लिटर बसले तितके जळले. असे तीनदा करून सरासरी काढा. थंड एंजिन सुरू करून धुराचा रंगही दुरून पाहा : काळा म्हणजे इंधन अर्धवट जळते आहे, निळसर म्हणजे वंगणतेल सिलिंडरमध्ये शिरून जळते आहे. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ असेल तर ती बहुधा नुसती वाफ आहे. एंजिन तापल्यावरही तो थांबला नाही, तर मेकॅनिकला दाखवा.