इंग्रजी वाक्यातील कर्ता व क्रियापद यांचा मेळ

मराठी शाळेतील मूल इंग्रजी लिहू लागले, की ‘द बॉईज प्लेज’ किंवा ‘माय फादर आर इन द फील्ड’ अशी वाक्ये त्याच्या वहीत आढळतात. निष्काळजीपणा समजून ती तांबड्या शाईने खोडली जातात. वस्तुतः मुलाने मातृभाषेचा नियम इमानाने पाळलेला असतो. ते मूळ न ओळखता रागावल्यास मूल चूक टाळण्याऐवजी लिहिणेच टाळू लागते.

मराठीत ‘मुलगा खेळतो, मुलगी खेळते, मुलगे खेळतात’ असे क्रियापद लिंग, वचन व पुरुष यांप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते लिंगानुसार बदलत नाही. प्राचीन इंग्रजीतील पुरुषवचनांचे बहुतेक प्रत्यय कालांतराने झिजले. ‘बी’ हे क्रियापद व ‘कॅन’, ‘मस्ट’ यांसारखी साहाय्यक क्रियापदे वगळता, साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’ तेवढा उरला आहे.

घोटाळा होतो तो येथेच. नामास लागलेला ‘एस’ अनेकवचन दाखवितो. क्रियापदास लागलेला एकवचन दाखवितो. मराठीत अनेकवचनाची खूण दोहोंकडे दिसते, म्हणून मूल दोहोंकडे ‘एस’ लावते. शिक्षकांनी ‘द बॉय प्लेज’ व ‘द बॉईज प्ले’ ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून ‘एस’भोवती रंगीत खडूने वर्तुळ काढावे. तो एका शब्दावरून दुसऱ्यावर गेल्याचे मुलांना आपोआप दिसते. मात्र ‘द चिल्ड्रन प्ले’ या वाक्यात तो कोठेच नाही, हेही पुढे दाखवावे. म्हणजे मुले अक्षराकडे न पाहता वचनाकडे पाहतील.

दुसरी अडचण आदराची. ‘वडील शेतात आहेत’ असे बोलणाऱ्या मुलास वडिलांसाठी ‘इज’ लिहिणे उद्धटपणाचे वाटते. इंग्रजीत क्रियापदाच्या अनेकवचनाने आदर दाखवीत नाहीत, व्यक्ती एक असल्यास ‘इज’च येते, हे स्पष्ट सांगावे.

तिसरी अडचण लांब कर्त्याची. ‘द बास्केट ऑफ मँगोज इज हेवी’ या वाक्यात क्रियापदाजवळ ‘मँगोज’ असल्यामुळे मूल ‘आर’ लिहिते. येथे मराठीच साहाय्यास येते. ‘आंब्यांची टोपली जड आहे’ असे आधी म्हणवून घ्यावे व ‘जड काय आहे?’ असे विचारावे. ‘टोपली’ हे उत्तर मिळताच ‘इज’ सुचते. त्याचप्रमाणे ‘एव्हरीवन’चा अर्थ ‘सर्वजण’ न सांगता ‘प्रत्येकजण’ सांगावा. एकवचनाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

वह्या तपासताना चुकांची केवळ संख्या न मोजता ‘एस’ची, आदराची व लांब कर्त्याची अशी वर्गवारी करावी. वर्गात जी चूक अधिक आढळेल, तिचाच दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे तोंडी सराव घ्यावा. आपली चूक कोठून आली हे ज्या मुलास कळते, ते पुढील वाक्य निर्भयपणे लिहिते.