दाढेचा खर्च आणि विमा

शहागडच्या आमच्या रात्रीच्या वर्गातले एक शेतकरी दाढ काढून आले. विचारू लागले, "गुरुजी, आपला आरोग्य विमा हाय. पैसे माघारी मिळतील ना?"

आम्ही त्यांच्याच विम्याचे मराठी माहितीपत्रक पुढे ठेवले. म्हटले, "वाचा."

त्यांनी बोट ठेवून वाचले. दाढ काढणे, दात भरणे हा खर्च मिळणार नव्हता. अपघातात दात मोडून दवाखान्यात भरती व्हावे लागले, तरच मिळणार होता.

"अंगठा उठवला तवा हे कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

पुष्कळ विमे असेच असतात. काहींत भरती न होताही दातांचा खर्च मिळतो. तिथे डॉक्टरची चिठ्ठी व पक्की पावती जोडून मुदतीत अर्ज करावा.

विमा कंपनीला माहितीपत्रक द्यावेच लागते. मागितल्यास ते मराठीत मिळते. आधी वाचा, मग सही करा.