रेणूचा जुळा भाऊ

डब्यातले सगळे हरभरे न मोजता त्यांची संख्या सांगता येईल का? येईल! रंगवलेले १०० हरभरे डब्यात टाका, नीट ढवळा आणि एक मूठ काढा. मुठीत १० रंगीत व ४० साधे निघाले, तर डब्यात सुमारे ४०० साधे हरभरे असणार. ढवळल्यानंतर थोडे हरभरे सांडले तरी बिघडत नाही. साधे व रंगीत सारख्याच प्रमाणात सांडतात.

रक्तातील संप्रेरके मोजताना हीच युक्ती वापरतात. उदाहरणार्थ, टेस्टोस्टेरॉन घ्या. प्रौढ पुरुषाच्या १ मिलिलिटर रक्तद्रवात ते काही नॅनोग्रॅम असते. स्त्रियांत व लहान मुलांत बहुधा १ नॅनोग्रॅमहूनही कमी. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग! ०.३ नॅनोग्रॅमची चूक पुरुषाच्या बाबतीत किरकोळ ठरेल. पण एखाद्या मुलीच्या बाबतीत ती मूळ आकड्याएवढीच असू शकेल आणि डॉक्टरांचे निदान चुकेल.

रक्तद्रवातून संप्रेरक वेगळे काढताना थोडे वाया जातेच. म्हणून अगदी सुरुवातीलाच त्यात ठरावीक ‘रंगीत हरभरे’ मिसळतात. त्यांना अंतर्गत प्रमाणक म्हणतात. समजा, १ नॅनोग्रॅम प्रमाणक टाकला आणि मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचे वजन ओळखणाऱ्या यंत्राने साधे व जड रेणू २:५ या प्रमाणात दाखवले. मग साधे टेस्टोस्टेरॉन ०.४ नॅनोग्रॅम. वाटेत निम्मे वाया गेले तरी गुणोत्तर तेच!

पण प्रमाणक निवडायचा कसा? हरभऱ्यांत रंगीत कुरमुरे टाकले असते, तर ते ढवळताना वर आले असते व हिशेब फसला असता. तेव्हा प्रमाणक त्याच रेणूचा जुळा भाऊ हवा, फक्त वजनाने वेगळा. त्यासाठी रेणूतील काही हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम, किंवा काही कार्बन-१२ ऐवजी कार्बन-१३ बसवतात.

वजनात फरक किती हवा? टेस्टोस्टेरॉनमध्ये १९ कार्बन अणू आहेत आणि निसर्गातील सुमारे १.१ टक्के कार्बन हा कार्बन-१३ असतो. त्यामुळे साधारण सहा रेणूंमागे एक रेणू मुळातच १ एककाने जड असतो. २ एककांनी जड असलेलेही थोडे सापडतात. म्हणून फरक निदान ३ एककांचा ठेवतात : साधा रेणू २८८, जुळा २९१.

आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. ड्यूटेरियम रेणूत चुकीच्या जागी बसवले, तर पाण्यातील हायड्रोजनशी त्याची अदलाबदल होते व खूणच पुसली जाते. शिवाय, यंत्रात शिरण्यापूर्वी रेणू एका बारीक नळीतून जातात. तेथून ड्यूटेरियमयुक्त जुळा कधीकधी किंचित आधी बाहेर पडतो. त्या क्षणी सोबत निघणारे इतर पदार्थ निराळे असल्याने यंत्राचा प्रतिसादही निराळा मिळतो. कार्बन-१३ चा जुळा मात्र भावाबरोबरच बाहेर येतो. पण तो सहसा महाग पडतो.

आता विचार करा : हरभरे सांडल्यानंतर रंगीत हरभरे टाकले असते, तर उत्तर कोणत्या डब्याचे मिळाले असते, भरलेल्या की उरलेल्या? घरी करूनच पाहा!