तणनाशक विकताना ‘पुढचे पीक’ विचारा

आमच्या वाचकांपैकी बरेच बंधू तालुक्याच्या गावी खते, बियाणे व औषधांची दुकाने चालवितात. तणनाशक देताना ‘सध्या पीक कोणते?’ हे विचारले जाते. ‘यानंतर काय लावणार?’ हे क्वचितच. पुढचे पीक पिवळे पडले की गिऱ्हाईक बियाण्याला दोष देते आणि उधारी अडकते. म्हणून हा विषय समजून घेऊ.

जमिनीतील बहुतेक तणनाशके मुख्यतः जिवाणू संपवितात. औषध निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. २,४-डीचे ते साधारण १० दिवस, तर अॅट्राझीनचे ६० दिवस धरतात. म्हणजे एकरी ४०० ग्रॅम अॅट्राझीन ६० दिवसांनी २००, १२० दिवसांनी १०० आणि १८० दिवसांनी ५० ग्रॅम उरते. मका व उसाला ते चालते; सोयाबीन व भाजीपाल्याला उरलेला अंशही बाधू शकतो.

आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात उबेमुळे हे काम थंड देशांपेक्षा लवकर होते. मात्र ओल हवीच. जमीन कोरडी पडली की जिवाणू सुस्तावतात; ते दिवस हिशेबात धरू नयेत. उलट, एकाच शेतात वर्षानुवर्षे अॅट्राझीन मारल्यास जिवाणू त्याला सरावतात व ते झपाट्याने संपवितात. मग तण उरते आणि ‘माल नकली’ अशी तक्रार येते. दर वेळी दोष मालाचा नसतो.

जमिनीचा प्रकारही पाहावा. मेटसल्फ्युरॉन आम्लधर्मी जमिनीत लवकर, तर चुनखडीच्या काळ्या जमिनीत सावकाश संपते. पॅराक्वाट मातीच्या कणांना घट्ट चिकटते, त्यामुळे मुळांना सहसा बाधत नाही. पण चिकटणे म्हणजे संपणे नव्हे.

दुकानदारांनी तीन गोष्टी कराव्यात :

१) पुढचे पीक विचारून माहितीपत्रकातील अंतर गिऱ्हाइकाला वाचून दाखवावे.

२) प्रमाणापेक्षा जास्त औषध मारण्याचा सल्ला देऊ नये.

३) शंका असल्यास त्या शेताची व न फवारलेल्या जागेची माती दोन कुंड्यांत भरून काकडीचे बी लावण्यास सांगावे. अॅट्राझीन असले तरी बी उगवते, पण नंतर पाने कडेने पिवळी पडतात. म्हणून तीन आठवडे थांबून दोन्ही कुंड्या ताडून पाहाव्यात.

दोन कुंड्यांचा खर्च तो काय? त्यातून गिऱ्हाइकाचा हंगाम वाचतो आणि दुकानाची पतही.