विसर पडतो, तो आळस नव्हे

समजा, एक कर्ता गडी आहे. वीस वर्षे घरचा बाजार तोच करतो. हल्ली मात्र तो तेल आणायचे विसरतो. दुकानदाराकडून उरलेले पैसे घ्यायचे विसरतो. विळा पूर्वीसारखा झपझप चालत नाही. घरचे म्हणतात, "ह्याचं कामात ध्यानच नाही. आळशी झालाय नुसता!"

पण त्या गड्याला एचआयव्हीची लागण झालेली असेल तर? मग तो आळस नसेल. तो आजाराचा भाग असेल. हे कसे, ते आज आपण समजून घेऊ.

एचआयव्ही हा डोळ्यांना न दिसणारा विषाणू आहे. 1983 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो प्रथम सापडला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगांशी लढतात. हा विषाणू त्यांचाच नाश करतो. एवढे पुष्कळांना ठाऊक आहे. पण लागण झाल्यावर थोड्याच आठवड्यांत तो मेंदूतही पोचतो, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

विचार करणाऱ्या मज्जापेशींत तो घर करत नाही. तो राहतो मेंदूच्या राखणदार पेशींत. मग त्या खवळतात. शेतात डुकरे शिरली, की राखणदार धावतात. त्या धावपळीत उभे पीक तुडवले जाते. मेंदूत तसेच होते. सूज येते, मज्जापेशींना इजा होते. आठवण, लक्ष आणि हाताची चपळाई कमी होते.

अमेरिकेत सॅन दिएगो शहरी संशोधकांनी अशा लोकांना नुसते प्रश्न विचारले नाहीत. त्यांना स्वयंपाक करायला लावला. खरेदी, पैशांचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा, सारे करून पाहिले. 2004 साली त्यांनी निष्कर्ष छापले. चाचणीत ज्यांची बुद्धी मंदावलेली दिसली, त्यांच्या हातून रोजच्या कामातही जास्त चुका होत होत्या.

पुण्याजवळ भोसरीला 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. पुण्यातही अशा चाचण्या झाल्या. पण परदेशाचे माप आपल्या माणसाला कसे लागावे? शाळा न पाहिलेला माणूस शब्दांच्या कोड्यात अडखळणारच. तो काही रोग नव्हे. म्हणून मराठी बोलणाऱ्या निरोगी माणसांच्याही चाचण्या घेतल्या. माणसाची तुलना त्याच्यासारख्याच माणसाशी करावी, हे खरे.

आता धीराची गोष्ट. 1996 पासून दोनतीन औषधे एकत्र देण्याचा उपचार आला. त्याने विषाणू दबून राहतो. पुष्कळांची बुद्धी सुधारते. 2010 साली अमेरिकेत 1,555 लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. जवळजवळ निम्म्या लोकांत काही ना काही उणीव दिसली, पण बहुतेकांची सौम्य होती. पार भान हरपण्याइतका आजार शंभरांत सुमारे दोघांनाच होता.

आपल्या देशात 2004 पासून सरकारी केंद्रांत हे औषध फुकट मिळते. ते रोज, न चुकता घ्यावे लागते. इथेच खरी गाठ बसते. विसराळू माणूस गोळीच विसरतो. गोळी चुकली, की विषाणू पुन्हा वाढतो. मग विसर आणखी वाढतो.

ही गाठ घरच्यांनीच सोडवावी. गोळीची वेळ रोजच्या कामाला बांधावी. रात्रीची भाकरी झाली, की गोळी. वारांच्या खणांची डबी ठेवावी. बाजाराची यादी लिहून द्यावी. तुम्ही आता लिहायला शिकलात, ती विद्या इथे कामी येईल.

विसर दुसऱ्या कारणानेही पडतो. दारू, अपुरी झोप, मनाचे दुःख, क्षयरोग अशीही कारणे असतात. म्हणून डॉक्टरला विचारावे. अंगारे-धुपारे करत बसू नये. एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. आणि माणसाच्या मर्जीवाचून त्याचा आजार गावात सांगू नये. 2017 च्या कायद्याने अशा माणसाला कामावरून काढण्यास, वाळीत टाकण्यास बंदी केली आहे. माहितीसाठी 1097 हा फुकट दूरध्वनी आहे.

त्या गड्याला घरच्यांनी बोल लावला, तर तो औषधही सोडील. "अहो, जेवण झालं, गोळी घेतली का?" एवढे विचारले, तर तो पुन्हा बाजार करील.

एकमेकांना विचारा
1. विषाणू मेंदूत कोणत्या पेशींत राहतो?
2. गोळी चुकली, तर काय होते?
3. आपल्या घरी गोळीची आठवण कोण ठेवील?