पानावरची पांढरी भुकटी

गवती चहा तुम्ही पाहिला असेलच. नावात 'चहा' असला तरी ते एक सुगंधी गवत आहे. चहाच्या झुडपाशी त्याचे काही नाते नाही. चीनमध्येही असे नावापुरते चहा पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाची ओळख आज करून घेऊ.

चीनच्या हूनान व हूपेइ प्रांतांतील डोंगराळ भागात तुजिया लोकांची वस्ती आहे. तेथील रानात एक वेल वाढते. तिचे शास्त्रीय नाव अँपेलॉप्सिस ग्रॉसेडेंटाटा. 'ग्रॉसेडेंटाटा' म्हणजे मोठ्या दातांची. पानांच्या दंतुर कडांवरून हे नाव पडले. ही वेल द्राक्षाच्या कुलातील आहे, म्हणजे नाशिक-सांगलीच्या द्राक्षवेलीची ती चुलत बहीणच.

वसंत ऋतूत या वेलीचे कोवळे शेंडे खुडतात, त्यांना वाफ देतात किंवा उकळत्या पाण्यातून काढतात, चोळतात आणि वाळवतात. वाळलेली पाने पिठात घोळल्यासारखी पांढरी दिसतात. त्यामुळे या चहाला 'मेइ-छा', म्हणजे 'बुरशीचा चहा' असे नाव पडले. आता त्याच उच्चाराचे, पण रानफळ असा अर्थ असलेले दुसरे अक्षर लिहिण्याची पद्धत आहे.

मग ही भुकटी खरोखर बुरशी आहे काय? द्राक्षबागायतदाराला अशी शंका येणे अगदी साहजिक आहे. द्राक्षाच्या पानांवर 'भुरी' पडते तेव्हाही पांढरी पूडच दिसते आणि ती बुरशीच असते. परंतु मेइ-छावरची पूड म्हणजे बुरशी नव्हे. पाने चोळताना पेशी फुटतात व रस पृष्ठभागावर येतो. पाणी उडून गेले की रसातील द्रव्य मागे राहते. घामाने भिजलेला सदरा वाळल्यावर त्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, तसेच हे आहे.

हे द्रव्य म्हणजे मुख्यतः डायहायड्रोमायरिसेटिन. ते फ्लॅव्होनॉइड वर्गातील असून त्याचे रेणुसूत्र C₁₅H₁₂O₈ असे आहे. कोताके व कुबोता या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९४० साली याच प्रजातीतील दुसऱ्या एका वेलीच्या पानांतून ते वेगळे केले. म्हणून त्याला अँपेलॉप्सिन असेही म्हणतात. कोवळ्या पानांत त्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे २० ते ३० टक्के असते. म्हणजे ३ ग्रॅम पानांत ते ०.६ ते ०.९ ग्रॅम भरेल! थंड पाण्यात ते फारच थोडे विरघळते, गरम पाण्यात पुष्कळ. म्हणून हा चहा कढत पाण्यातच करतात. तो आधी कडवट लागतो आणि मागून जिभेवर गोडवा उतरतो.

या पानांत कॅफीन मात्र नसते. कॅफीन तयार करणाऱ्या वनस्पती थोड्याच आहेत: चहा, कॉफी, कोको, कोला, माते, ग्वाराना वगैरे. आपल्या शरीरात दिवसभर ॲडेनोसीन साठत जाते व मेंदूला झोपेची सूचना देते. कॅफीन ॲडेनोसीनची जागा अडवते, त्यामुळे झोप लांबते. मेइ-छाने तसे होत नाही. गवती चहातही कॅफीन नाही. पण तो चहापत्तीबरोबर उकळला, की पेल्यात पत्तीचे कॅफीन उतरतेच!

'कॅफीन नाही, रानातले आहे, म्हणून निर्धोक' असे समजावे काय? नाही. चीनमध्ये २०१३ साली या पानांना खाद्यपदार्थ म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, पण ती या एका वनस्पतीच्या पानांना. दक्षिण चीनच्या रानांत गेल्सेमियम एलेगन्स ही अत्यंत विषारी वेलही वाढते. औषधी वनस्पती समजून ती घेतल्याने माणसे दगावली आहेत. तसेच, या चहाने अमुक रोग बरा होतो, असे दावे ऐकू आले तर विचारा: प्रयोग कोणावर केला? पुष्कळसे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झाले आहेत. माणसांवरचे थोडे आहेत.

करून पाहा

१. काळ्या कापडाचा तुकडा दाट मिठाच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवा. वर आलेली पांढरी पूड भिंगातून पाहा. सपाट बाजूंचे चकाकणारे कण दिसतील. त्यावर पाण्याचा थेंब टाका, कण विरघळतील.

२. पावाचा ओलसर तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधा. चार-सहा दिवसांनी बुरशी आली, की पिशवी न उघडता भिंगातून पाहा. येथे कण नसून तंतूंचे जाळे दिसेल. नंतर पिशवी तशीच टाकून द्या.

दोन्ही पांढरेच, पण एक स्फटिक व दुसरा सजीव! नुसत्या रंगावरून निर्णय का घेऊ नये, हे आता तुम्हीच वर्गात सांगा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: अनोळखी पान किंवा पूड कधीही चाखून ओळखायची नसते.