घरातील कोरडी भिंत आणि तिची हत्यारे

ओला गिलावा न करता, पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्समचे तक्ते स्क्रूने बसवून जी आडभिंत उभारतात तिला कोरडी भिंत म्हणतात. एका खोलीच्या दोन करावयाच्या असल्यास हे काम मोजक्या हत्यारांनी घरच्या घरी साधते. परंतु राजोडीसारख्या समुद्रकाठच्या गावी हत्यारांच्या आधी जागेची परीक्षा करावी लागते. तिचे कारण आपण प्रथम समजून घेऊ.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट व पाणी यांचे स्फटिकरूप खनिज. ते पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते. शिवाय तक्त्यावरील कागद ओल शोषून घेतो. ओल सतत राहिली तर तक्ता मऊ पडतो, कागदाला बुरशी धरते आणि केलेला खर्च वाया जातो. म्हणून पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीस किंवा न्हाणीघरात साधा तक्ता लावू नये.

पहिले साधन जवळजवळ फुकटचे आहे. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. आतील बाजूस दव जमले तर ओल भिंतीतच आहे. बाहेरील बाजूस जमले तर ती हवेतील आहे. भिंतीत ओल असल्यास आधी गळती थांबवावी, मगच पुढचे काम.

यानंतर मोजण्याची हत्यारे : टेप, गुण्या, ओळंबा आणि पाणी भरलेली लेव्हलची नळी. जमिनीवर रेषा आखून ती ओळंब्याने छतावर न्यावी. जस्ताचा मुलामा असलेले चॅनेल या दोन रेषांवर बसवावेत आणि उभे खांब सुमारे ६१० मि.मी. अंतराने लावावेत. ड्रिलने भोक पाडण्यापूर्वी भिंतीतील विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत ते पाहावे.

कापण्यास करवत लागत नाही. सरळ पट्टी धरून धारदार कटरने दर्शनी कागद चिरावा, तक्ता मागे दुमडून मोडावा व मागचा कागद कापावा. १२.५ मि.मी. जाडीच्या तक्त्यास २५ मि.मी. लांबीचे स्क्रू पुरतात. स्क्रूचे डोके कागदाच्या किंचित आत जावे, पण कागद फाटू नये. कारण तक्त्याची पकड कागदावरच अवलंबून असते. तक्ता जमिनीपासून सुमारे १० मि.मी. वर ठेवावा, म्हणजे लादी पुसताना पाणी वर चढणार नाही.

सांध्यावर कागदी पट्टी आणि सांधे भरण्याची लुकण लागते. नुसती लुकण पुढे तडकते. पट्टीतील तंतू ताण सोसतात. हे तत्त्व जुनेच आहे. अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीच्या लेपातही भाताचा कोंडा व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळतात. पहिला हात अरुंद पत्र्याने, पुढील दोन रुंद पत्र्याने द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात वाळण्यास अधिक वेळ लागतो, तेथे घाई करू नये. शेवटी पॉलिश पेपरने घासताना नाकातोंडावर मास्क बांधावा. ती बारीक धूळ श्वासावाटे आत जाते.

काम संपताच पत्रे धुऊन, कोरडे पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवावा, कारण खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. घरी परतणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने हत्यारांची यादी करताना प्लॅस्टिकचा तो तुकडा सर्वांत वर लिहावा.